साप्ताहिक कागद सोडतं तेव्हा नेमकं काय सुटतं? ‘न्यूजवीक’चा हिशेब

३१ डिसेंबर २०१२ ही तारीख छापलेल्या ‘न्यूजवीक’ या अमेरिकन वृत्तसाप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर न्यूयॉर्कमधल्या त्याच्या जुन्या कचेरीचा कृष्णधवल फोटो होता आणि मथळ्याच्या जागी चक्क एक हॅशटॅग: ‘#लास्टप्रिंटइश्यू’. म्हणजे शेवटचा छापील अंक. साप्ताहिकाचं तेव्हा ऐंशीवं वर्ष चालू होतं. निरोप कागदावर छापलेला, भाषा मात्र ट्विटरची. कागदावरचा हॅशटॅग बोटाने दाबून काही उघडत नाही, हे मुखपृष्ठ करणाऱ्यांनाही कळत असणारच.

बाहेरून बघताना हे स्थित्यंतर फार सोपं दिसतं. छपाई बंद, टपाल बंद, कागदाचा खर्च वाचला, तेच लेख आता वेबसाइटवर. झालं. पण खरी गुंतागुंत या ‘झालं’मध्येच आहे. ती पैशापासून सुरू होते, म्हणून आधी पैशाचं बघू.

एका डॉलरला काय विकलं गेलं

१९६१पासून ‘न्यूजवीक’ वॉशिंग्टन पोस्ट कंपनीकडे होतं. २००९ सालचा तोटा जवळपास ३ कोटी डॉलर होता. ऑगस्ट २०१०मध्ये कंपनीने ते सिडनी हार्मन या ९१ वर्षांच्या उद्योगपतीला विकलं. हार्मन कार्डनच्या ऑडिओ यंत्रांमुळे ज्यांचं नाव घरोघरी गेलं, तेच हे. किंमत: १ डॉलर, अधिक देणी.

बातम्यांमध्ये तो एक डॉलर गाजला. खरा व्यवहार ‘अधिक देणी’ या दोन शब्दांत होता. साप्ताहिकाचं एक मोठं देणं वरवर पाहता कर्जासारखं दिसतच नाही: आगाऊ घेतलेली वर्गणी. वाचकाने ५२ अंकांचे पैसे आज भरले, तर जमाखर्चात ती रक्कम लगेच उत्पन्न धरत नाहीत. दर आठवड्याला एक अंक पोचला की बावन्नावा हिस्सा उत्पन्नाकडे सरकतो. बारा अंक गेले असतील, तर चाळीस अंक द्यायचे बाकी. लाखो वर्गणीदारांचे असे उरलेले अंक मोजले की ते डोंगराएवढं देणं होतं, आणि आलेली रोकड तर पगारात, कागदात कधीच खर्च झालेली असते. मराठीत याचा आणखी अवघड प्रकार आहे, आजीव वर्गणीदार. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एकदाच पैसे घेतले आणि देणं मात्र आयुष्यभराचं.

म्हणून छपाई थांबवण्याआधी पहिलं काम म्हणजे वर्गणीची वही साफ करणं. कोणाचे किती अंक उरलेत, कोणाचा ईमेल आपल्याकडे आहे, कोणाला डिजिटल चालेल आणि कोणाला उरलेले पैसे परत द्यायचे, हे ठरवावं लागतं. बहुतेक ठिकाणी गाडी ईमेलपाशी अडते. टपालाने अंक जात होता, त्यामुळे कार्यालयाकडे पिनकोडसह पूर्ण पत्ता असतो. फोन अर्ध्यांचा आणि ईमेल त्याहून कमी जणांचा. छापील अंक चालू आहे तोवर त्याच्याच वेष्टनात पोस्टकार्ड किंवा क्यूआर कोड घालून ही माहिती गोळा करता येते. अंक बंद झाल्यावर त्या माणसापर्यंत पोचायचा रस्ताच उरत नाही.

आता जाहिरातीचं गणित. अमेरिकन साप्ताहिकं जाहिरातदाराला किमान खपाची हमी देतात आणि जाहिरातीचा दर त्या हमीवर ठरतो. खप हमीच्या खाली गेला तर पैसे परत किंवा फुकट जाहिरात. त्यामुळे खप टिकवायला वर्गणी स्वस्त करत न्यायची, हा अनेक दशकांचा खेळ होता. ‘न्यूजवीक’ने ही हमी ३१ लाखांवरून २६ लाखांवर, जुलै २००९मध्ये १९ लाखांवर आणि जानेवारी २०१०मध्ये १५ लाखांवर आणली. स्वतःहून खप कमी करणं वेड्यासारखं वाटेल, पण त्यात तर्क होता: सवलत देऊन ओढून आणलेला शेवटचा वर्गणीदार जेवढे पैसे देतो, त्याहून जास्त खर्च त्याच्यापर्यंत अंक पोचवण्यात जातो. जाहिरातदार जोवर त्या डोक्याचे पैसे मोजतो तोवर चालतं. त्याने हात आखडला की तोच वर्गणीदार तोट्याचा.

हे आकड्यांत बघा. संपादक टीना ब्राउन यांनी सांगितलं होतं की एकाही लेखकाचा पगार धरण्याआधी, नुसता अंक छापून पोचवण्याचा वर्षाचा खर्च ४ कोटी २० लाख डॉलर आहे. १५ लाख प्रती गुणिले ५२ आठवडे म्हणजे ७ कोटी ८० लाख प्रती. भागाकार केला की प्रतीमागे साधारण ५४ सेंट. आणि २००९च्या सुमारास वर्गणीदार एका अंकाला सरासरी देत होता पन्नास सेंटच्या आत. म्हणजे वाचकाच्या पैशातून कागद आणि टपालही सुटत नव्हतं. बातमीदार, छायाचित्रकार, परदेशातली कार्यालयं, सगळं जाहिरातीवर.

इथेच मेख आहे. कागद बंद केला की ४ कोटी २० लाख वाचतात, हे खरं. पण पानभर जाहिरातही त्याच कागदावर छापली जात होती. कागद हा खर्चही होता आणि विकायची जागाही. दोन्ही एकाच दिवशी जातात.

शनिवारची रात्र

साप्ताहिकाला स्वतःची एक लय असते. ‘न्यूजवीक’ची शेवटची पानं शनिवारी रात्री सुटायची आणि सोमवारी अंक स्टॉलवर. सगळी कचेरी त्या घड्याळावर चालायची. मंगळवारी विषयांची बैठक, मधले दिवस मजकूर गोळा करण्यात, शुक्रवारी लेखन, शनिवारी कापाकापी.

हे घड्याळ मोडलं त्याची तारीखसुद्धा सांगता येते. शनिवार, १७ जानेवारी १९९८. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आणि व्हाइट हाउसमधली एक इंटर्न यांच्या संबंधांची बातमी मायकल इसिकॉफ या ‘न्यूजवीक’च्या बातमीदाराकडे तयार होती. अंक बंद होता होता संपादकांनी ती थांबवली; अजून पडताळणी हवी होती. त्याच रात्री मॅट ड्रज यांच्या संकेतस्थळावर मजकूर झळकला की ‘न्यूजवीक’ने अशी अशी बातमी दाबली. साप्ताहिकाचा पुढचा अंक तब्बल नऊ दिवसांवर. बुधवारी, २१ तारखेला दैनिकांनी बातमी छापली, आणि मग ‘न्यूजवीक’नेही सोमवारची वाट न पाहता आपली बातमी ऑनलाइन टाकली.

यातून ‘वेगवान व्हा’ एवढाच अर्थ काढणारे चुकतात. थांबण्याचा निर्णय संपादकीय दृष्ट्या चूक होता असं म्हणता येत नाही. चूक रचनेत होती: ‘आज रात्री नाही’ याचा अर्थ आपोआप ‘आणखी नऊ दिवस नाही’ असा होत होता. डिजिटलमध्ये गेल्यावर बातमी तयार झाली की सोडता येते. पण त्याची किंमत अशी की पडताळणी कधी पूर्ण झाली, हे सांगणारी शनिवारची रात्र उरत नाही. ती मुद्दाम बांधावी लागते. चांगल्या डिजिटल कचेऱ्यांत मजकूर सोडण्याआधी दोन वेगळ्या माणसांचे शिक्के लागतात आणि दुरुस्ती केली तर लेखाखाली वेळेसह नोंद राहते. जिथे हे बांधलेलं नसतं तिथे सकाळी साडेनऊला ‘मृत्यू’, दहाला ‘प्रकृती स्थिर’ आणि सव्वादहाला लेखच गायब, असं होतं.

अंक फुटतो

छापील अंक हा एक डबा असतो. वरच्या खणात राजकारण, मग अर्थकारण, मागे सिनेमा आणि शेवटी एक हलकंफुलकं पान. जाहिरातदार अख्ख्या डब्याचे पैसे देतो. मागच्या बाजूचा लेख फक्त चारशे जणांनी वाचला, हे कोणाला कळतही नाही. ऑनलाइन डबा राहत नाही, प्रत्येक पदार्थ सुटा विकला जातो आणि कोणता किती खपला ते मिनिटामिनिटाला पडद्यावर दिसतं.

पैशाचं उदाहरण घेऊ. यातले आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा नंदुरबारला चार दिवस राहून लिहिलेला एक लेख २०,००० जणांनी वाचला. पानावर तीन जाहिराती, म्हणजे ६०,००० वेळा जाहिरात दिसली. दर हजारी ८० रुपये धरले तर ४,८०० रुपये. पण सगळ्या जागा भरत नाहीत. सत्तर टक्के भरल्या तर ३,३६०. मधल्या यंत्रणांचा वाटा गेला की हातात अडीच हजारांच्या आसपास. बातमीदाराचा नुसता प्रवास आणि लॉजच त्याहून जास्त. त्याच पानावर ‘या पाच राशींना धनलाभ’ टाकलं तर खर्च शून्य आणि उत्पन्न तेवढंच. डिजिटल माध्यमं घसरतात ती संपादक बिघडल्यामुळे नव्हे, या वजाबाकीमुळे.

यातून निसटायचे मार्ग मोजकेच. वाचकाकडून वर्गणी, संस्थांचं अनुदान, कार्यक्रम, किंवा लोक मुद्दाम शोधत येतील अशी एखादी कायमची उपयोगाची वस्तू. शेवटच्या प्रकाराचं ठसठशीत उदाहरण म्हणजे ‘यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’. साप्ताहिकाचं पाक्षिक, मग मासिक होत २०१०च्या अखेरीला त्याने नियमित छापील अंक थांबवला. पण १९८३पासून चालू असलेली महाविद्यालयांची क्रमवारी त्याच्या हातात होती. आज परदेशी शिकायला निघालेली आपल्याकडची मुलंही ते नाव क्रमवारीसाठी ओळखतात. ते मुळात बातम्यांचं साप्ताहिक होतं हे अनेकांना माहीतही नसतं.

‘न्यूजवीक’ने २०१३मध्ये वेगळा रस्ता धरला. टॅब्लेट आणि ई-रीडरवर वाचायचा, जगभर एकच असा सशुल्क साप्ताहिक अंक, नाव ‘न्यूजवीक ग्लोबल’. अॅपमधल्या अंकाची जुनी अडचण अशी की तो डबा तसाच ठेवतो. लेख अॅपच्या आत कुलूपबंद, त्याला स्वतःचा दुवा नाही, म्हणून मित्राला पाठवता येत नाही. अॅपल पहिल्या काळात अॅपमधून होणाऱ्या वर्गणीतले ३० टक्के कापून घेत असे, आणि वर्गणीदार कोण हे प्रकाशकाला आपोआप कळतही नसे. आयुष्यभर पिनकोडसह याद्या सांभाळलेल्या माणसांना हे फार झोंबलं.

छापील पान वेबवर आणताना आणखी बारीकसारीक गोष्टी निसटतात. छापील मथळा फोटो, उपमथळा आणि पानावरची जागा यांच्या आधारावर उभा असतो. ‘पुन्हा तेच!’ असा मथळा पानावर छान दिसतो, पण व्हॉट्सअॅपवर एकटा गेला की त्याला अर्थच राहत नाही. वेबच्या मथळ्यात माणसाचं किंवा गावाचं नाव असावंच लागतं. चौकटीतला मजकूर मोबाइलवर लेखाच्या मधोमध येऊन बसतो आणि वाचकाला वाटतं, लेख संपला. छपाईचा फोटो सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या, रंगांत असतो. तो तसाच चढवला तर काही पडद्यांवर चेहरे हिरवट दिसतात, म्हणून आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, बदलायचा. शेअर केल्यावर दिसणारं चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं लागतं, म्हणजे आडवं, मुखपृष्ठ उभं. ते तसंच लावलं की राष्ट्राध्यक्षांची हनुवटी आणि मासिकाचं अर्धं नाव, एवढंच दिसतं.

पत्ता बदलण्याचं पाप

हार्मन यांनी घेतल्यावर काही महिन्यांतच, नोव्हेंबर २०१०मध्ये ‘न्यूजवीक’ आणि ‘द डेली बीस्ट’ हे संकेतस्थळ एकत्र करायचं ठरलं. योजनेचा एक भाग असा की ‘न्यूजवीक’चं स्वतःचं संकेतस्थळ डेली बीस्टमध्ये विरघळवायचं. तिथल्या काही कर्मचाऱ्यांनी ते वाचवा म्हणून जाहीर आर्जव केलं आणि त्यासाठी जागा निवडली टंबलर, ब्लॉगिंगचं एक संकेतस्थळ. २०११मध्ये वाचक जुन्या पत्त्यावरून डेली बीस्टवर वळवले गेले. ऑगस्ट २०१३मध्ये आयबीटी मीडिया या कंपनीने ‘न्यूजवीक’ घेतलं आणि सगळं पुन्हा आपल्या नावाच्या पत्त्यावर उभं करावं लागलं. तीन वर्षांत दोनदा घर बदललं.

वेबवर लेखाचा पत्ता ही त्याची खरी मालमत्ता. इतरांनी वर्षानुवर्षं दिलेले दुवे, शोधयंत्रातली जागा, विकिपीडियातले संदर्भ, सगळं त्या पत्त्याला चिकटलेलं असतं. बदलायचाच असेल तर करायचं काय? आधी सगळ्या जुन्या पत्त्यांची यादी काढायची. सर्व्हरच्या नोंदी, साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) आणि बाहेरून आलेले दुवे या तिन्हींतून, कारण एकात नसलेले दुसऱ्यात सापडतात. मग प्रत्येक जुन्या लेखासमोर त्याच लेखाचा नवा पत्ता लिहून ३०१ प्रकारचं, म्हणजे कायमचं, वळण लावायचं. सगळे जुने पत्ते सरसकट मुखपानाकडे वळवणं ही सर्रास होणारी चूक. वाचक वैतागतो, आणि गूगल अशा पानाला ‘सापडलं नाही’ असंच समजतं. अ पासून ब, ब पासून क अशी साखळीही नको. दुसऱ्या स्थलांतरात पहिली वळणं थेट नव्या पत्त्याला जोडायची. वळणं किमान वर्षभर ठेवावीत असं गूगल सांगतं. बातमीच्या साइटने ती कधीच काढू नयेत.

जुन्या अंकांचं संग्रहालय करताना दुसरी अडचण हक्कांची. लेख छापायची परवानगी म्हणजे तो ऑनलाइन ठेवायची परवानगी नव्हे. २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टासिनी खटल्यात हेच म्हटलं: मुक्त लेखकांचे जुने लेख त्यांना न विचारता डेटाबेसमध्ये विकता येणार नाहीत. परिणाम असा की पैसे देण्यापेक्षा लेख काढून टाकणं प्रकाशकांना सोपं वाटलं आणि संग्रहांत भोकं पडली. फोटोंचं तर त्याहून अवघड, एजन्सीचा करार बहुधा एका अंकापुरता. भारतात लेखकाच्या हयातीनंतरही ६० वर्षं हक्क राहतो, त्यामुळे इथेही १९७०चा दिवाळी अंक सरळ स्कॅन करून चढवता येत नाही. वारसांना पत्र लिहायला लागतं.

दुसऱ्याच्या ओट्यावर बसून

आता सोशल ब्लॉगिंग. टंबलर २००७मध्ये सुरू झालं. ब्लॉग आणि ट्विटर यांच्या मधलं काहीतरी. तेव्हा पोस्टचे ठरलेले सात प्रकार: मजकूर, फोटो, उद्धरण, दुवा, संवाद, ध्वनी, चित्रफीत. ज्यांना तुम्ही अनुसरता त्यांच्या पोस्ट एकाच फळ्यावर येतात, आवडलं की एका टिचकीत ते आपल्या ब्लॉगवर, सोबत आपलं एखादं वाक्य. याला रिब्लॉग म्हणतात, आणि सगळी गंमत त्यातच.

‘न्यूजवीक’चं टंबलर तिथले वरिष्ठ संपादक मार्क कोटनी चालवत. छापील साप्ताहिकाचा गंभीर, सर्वज्ञ सूर त्यांनी बाजूला ठेवला आणि एक चुणचुणीत माणूस कट्ट्यावर बोलतोय असा सूर लावला: थट्टा, वाचकांना उत्तरं, दुसऱ्या मासिकांचं कौतुक, अगदी आपल्याच साप्ताहिकाच्या अवस्थेवर टोमणेसुद्धा. ते इतकं जमलं की २०१०मध्ये टंबलरनेच त्यांना नोकरी दिली. हीसुद्धा या कामातली नेहमीची जोखीम आहे. आवाज संस्थेचा नसून एका माणसाचा असतो, आणि तो माणूस गेला की खातं राहतं, आवाज जातो.

हे काम नीट करायचं तर यंत्राला साइटवरचे नवे लेख आपोआप ढकलायला सांगून भागत नाही. नुसता मथळा आणि दुवा असलेली पोस्ट कोणी रिब्लॉग करत नाही, कारण त्यात दुसऱ्याला दाखवण्यासारखं काही नसतं. लेखातला एकच फोटो, एकच वाक्य किंवा एकच आकडा उचलायचा, दोन ओळी आपल्या, आणि खाली दुवा. जुन्या साप्ताहिकाकडे इथे खजिना असतो: आजच्याच तारखेला चाळीस वर्षांपूर्वीचं मुखपृष्ठ. पोस्ट रांगेत लावून ठेवता येतात. टंबलरची रांग दिवसाला ५० पर्यंत सोडते, पण पाच-सहा पुरतात. आणि दुःखद बातमी आली की आधी रांग थांबवायची. हे विसरल्याने विमान कोसळल्याच्या दिवशी मांजरीचा विनोद गेल्याचे प्रकार होतात.

रांग थांबवता येते, हॅशटॅग थांबवता येत नाही. सप्टेंबर २०१२मध्ये अरब देशांतल्या निदर्शनांवर ‘न्यूजवीक’ने मुखपृष्ठकथा केली, मथळा ‘मुस्लिम रेज’, म्हणजे मुस्लिमांचा संताप, आणि खाली आक्रोश करणारे चेहरे. तेच शब्द हॅशटॅग करून ट्विटरवर चर्चेचं आवाहन केलं. काही तासांत मुस्लिम तरुणांनी तो हॅशटॅग पळवला. एकीने लिहिलं, आज केस इतके छान झालेत आणि कोणाला दिसतच नाहीत, असा संताप येतोय! असे शेकडो. साप्ताहिकाच्या मथळ्याचा अख्ख्या जगासमोर पोपट झाला.

मुखपृष्ठाचा मथळा एका दिशेने जातो; वाचकाला फार तर पत्र लिहिता येतं, तेही पुढच्या आठवड्यात, संपादकाने छापलं तर. हॅशटॅग म्हणजे भिंतीवर टांगलेला कोरा फळा आणि शेजारी खडू. मुखपृष्ठाचे शब्द तिकडे जसेच्या तसे न्यायचे नसतात. आधी शोधून बघायचं की तो टॅग कोणी आणखी कशासाठी वापरतंय का. मग कचेरीतल्या सगळ्यात खवचट माणसाला विचारायचं की तू यावर काय लिहिशील. पहिले दोन तास तरी एक जाणता संपादक तिथे बसलेला हवा.

आणि ओटा दुसऱ्याचा आहे हे कधी विसरायचं नाही. टंबलर २०१३मध्ये याहूने १ अब्ज १० कोटी डॉलरना घेतलं. २०१९मध्ये ते ऑटोमॅटिक नावाच्या कंपनीकडे गेलं तेव्हा किंमत त्याच्या नखाएवढीही राहिली नव्हती. फेसबुकने मे २०१५मध्ये ‘इन्स्टंट आर्टिकल्स’ (लेख फेसबुकच्याच आत उघडायची सोय) आणून प्रकाशकांना आपल्या अंगणात बोलावलं, जानेवारी २०१८मध्ये आप्तमित्रांच्या पोस्ट वर आणि माध्यमांच्या खाली असं जाहीर केलं, आणि २०२३मध्ये ती सोयही गुंडाळली. दर वेळी कुठल्या ना कुठल्या कचेरीतला एक विभाग रिकामा झाला. त्या मानाने ईमेलवरचं साप्ताहिक पत्र कंटाळवाणं वाटतं, पण यादी आपली असते. अट एवढीच की फेब्रुवारी २०२४पासून रोज ५,००० वर मेल पाठवणाऱ्यांना जीमेल पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या तांत्रिक खुणा आणि एका टिचकीत नाव काढण्याची सोय मागतं, आणि ‘स्पॅम’च्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या वर गेल्या की मेल अडवू लागतं.

मराठीची जादा पायरी

इंग्रजी साप्ताहिकाला नसलेली एक अडचण मराठीला आहे. १९९०च्या दशकापासून आपली जुळणी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत झाली. त्यात देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फाइल उघडून फाँट बदलला की सगळा मजकूर इंग्रजी चिन्हांचा काला दिसतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलावाच लागतो, नाहीतर शोधात काहीच सापडत नाही.

बदलणारी साधनं आहेत, पण ती ठरावीक ठिकाणी अडखळतात. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. साध्या ‘कि’ला जमतं; ‘स्थिती’ किंवा ‘शक्तिमान’सारखं जोडाक्षर आलं की वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. रफाराचं उलटं: जुन्यात अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. ‘सर्वांनी’मध्ये रफार आणि अनुस्वार मिळून एकच खूण असते, तिथे हमखास एक गळतो. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. आणि ‘अॅप’, ‘ॲप’, ‘ऍप’ हे तिन्ही एकाच संग्रहात नांदतात. पहिली दोन डोळ्यांना सारखीच दिसतात, पण संगणकाला वेगळी, म्हणून एक शोधलं की दुसरं सापडत नाही. उपाय कंटाळवाणा आहे: असे पन्नासेक शब्द निवडून त्यांची कसोटी-फाइल करायची, आधी ती बदलून बघायची, मग एक रूप ठरवून संपूर्ण संग्रहावर एकदम फिरवायचं. मगच माणसाने मुद्रितशोधन करायचं. उलट क्रमाने केलं तर शोधकाचे महिने वाया.

पुण्याच्या ‘साधना’ साप्ताहिकाने, १९४८ साली साने गुरुजींनी काढलेल्या, छापील अंक बंद न करता २०१९मध्ये ‘कर्तव्य साधना’ हे वेगळं डिजिटल व्यासपीठ काढलं. अंकाचं वेबवर प्रतिबिंब पाडण्यापेक्षा वेगळ्या नावाने वेगळी चूल मांडणं छोट्या संस्थेला झेपणारं आहे: वर्गणीचं देणं जागेवर राहतं आणि डिजिटलला स्वतःची लय शोधायला सवड मिळते.

आणि पुन्हा कागद

‘न्यूजवीक’ मार्च २०१४मध्ये पुन्हा छापलं जाऊ लागलं. या वेळी गणित पूर्ण उलटं होतं. सुमारे ७०,००० प्रती, म्हणजे पूर्वीच्या विसाव्या हिस्स्याच्या आसपास. स्टॉलवर किंमत ७ डॉलर ९९ सेंट. खपाची हमी देऊन स्वस्तात वाटायचं नाही, ज्याला कागदच हवा त्याने कागदाचे पूर्ण पैसे द्यायचे. पन्नास सेंटवाला वर्गणीदार या हिशेबात नाही.

पुनरागमनाच्या अंकाची मुखपृष्ठकथा होती बिटकॉइनचा गूढ जनक सापडल्याची. ती आदल्या दिवशी ऑनलाइन आली आणि ज्याच्याकडे बोट दाखवलं होतं, त्या माणसाने त्याच दिवशी पत्रकारांसमोर ‘तो मी नव्हे’ असं सांगितलं. वेबवर त्याचा खुलासा जोडता येत होता. सत्तर हजार मुखपृष्ठं मात्र तोवर छापून, बांधून, गाड्यांत चढली होती.